व्हिडिओतला उभा ऊस

"हायडॅटिड सिस्ट," साताऱ्याच्या डॉक्टरांनी माझी सोनोग्राफी बघून सांगितलं आणि लगेच विचारलं, "घरात कुत्रा आहे का?"

"आहे की. सुभेदार," मी कौतुकानं म्हणाले. शेजारी बसलेले आमचे हे मात्र खाली बघायला लागले.

डॉक्टरांनी जे समजावलं ते साध्या शब्दांत देते, उद्या तुमच्यावर वेळ आली तर उपयोगी पडेल. हायडॅटिड सिस्ट म्हणजे पाण्यानं भरलेली गाठ. कॅन्सर नव्हे. एका जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत जातात, तिथून न धुतलेल्या भाजीतून किंवा हातातून आपल्या पोटात येतात आणि बहुतेकदा लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात, गाठ धरते. माझी गाठ नारळाएवढी झाली होती. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. मी आपली पित्त समजून आवळासुपारी चघळत बसले होते.

सुभेदार म्हणजे आमच्या घरातला तिसरा माणूस. हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पिल्लू घरी आलं तेव्हा हेच म्हणाले, "ह्यो माझ्यावर हुकूम चालवनार. वरचा हुद्दा द्या." सकाळी त्याचा चहा बशीत, यांचा कपात. सांगलीला दिलेली आमची लेक राखीला आली की पहिली राखी त्याला बांधायची. दिवाळीत त्याला उटणं लावताना मीच अर्धी भिजायचे.

निदान ऐकून घरी आले तर तो नेहमीसारखा अंगावर झेपावला. मी त्याला ढकललं. हातानं भरवलं त्यानंच घात केला, असं खरोखर वाटलं मला. तो जरा लांब बसून माझ्याकडे बघत राहिला आणि तासाभरात माझाच राग विरघळला.

ऑपरेशन सांगलीला करायचं ठरलं. लेक जवळ होती. आधी सीटी स्कॅन झाला, मग अल्बेंडाझोल नावाच्या गोळ्या चालू झाल्या, म्हणजे गाठीतला जंत मरावा. सर्जन म्हणाले, "गाठीतलं पाणी पोटात सांडलं तर जोराची ॲलर्जी येऊ शकते. म्हणून सावकाश काढावी लागते." सही यांनी केली. मला काळजी सुभेदाराची.

"मी हाय की," हे म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. पोटातून एक नळी बाहेर काढलेली, कुशीवर वळायची चोरी. हे गावाकडून येऊन जाऊन असायचे. आले की मोबाइल माझ्यापुढं धरायचे. सुभेदार उड्या मारतोय, सुभेदार चप्पल पळवतोय. "लय मजेत हाय," हे म्हणायचे. मी ते व्हिडिओ वॉर्डातल्या सिस्टरना बोलावून दाखवायचे. तेवढंच माझं औषध होतं.

एकदा तसाच व्हिडिओ बघताना माझं लक्ष मागं गेलं. सुभेदाराच्या पाठीमागं पुरुषभर उंच ऊस उभा होता. आमचा ऊस तर मी ॲडमिट व्हायच्या आधीच कारखान्याला गेला होता. तोडकऱ्यांना चहा मीच केला होता.

"ह्यो कवाचा?"

"कालचा."

"आवं, काल रानात ऊस हुता व्हय?"

यांनी मोबाइल खिशात घातला. डबा घेऊन आलेली लेक वाटी पुसत बसली. तिलाही माहीत होतं.

"औंधला सोडला," हे शेवटी म्हणाले. "देवीच्या डोंगराखाली. माणसं येत्यात, उपाशी न्हाई मरायचा. तुला काय झालं असतं तर मी काय करनार हुतो?"

"आई, तुझ्यासाठीच ना," लेक म्हणाली. राखी बांधणारी हीच!

रडले तर टाके ओढायचे, म्हणून धड रडताही येईना. मी भिंतीकडे तोंड केलं आणि दोघांशी बोलणं बंद केलं.

सर्जन तपासायला आले तेव्हा मी त्यांनाच विचारलं, हे सुभेदारामुळंच झालं का. त्यांनी सुभेदाराचं वय विचारलं. तीन वर्षं.

"मग गाठ त्याच्या जन्माआधीची असणार," ते म्हणाले. "एवढी वाढायला बरीच वर्षं लागतात. आणि कुत्र्याला तरी जंत कुठून येतो? शेळ्यामेंढ्यांचं कच्चं काळीज, फुप्फुस खाऊन. ते देऊ नका, त्याला वेळेवर जंताचं औषध द्या, हात धुवा. त्याला घालवायची काही गरज नव्हती."

माझं माहेर वडूजकडचं. अंगणात शेळ्या, कुत्री आणि आम्ही पोरं एकाच मातीत वाढलेलो. आणि जत्रेत बोकड कापला की नको असलेले तुकडे सुभेदाराला कोण टाकायचं? मी यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

डिस्चार्ज मिळाल्यावर मी एकच वाक्य बोलले, "गाडी औंधवरनं घ्या." पोटाशी उशी धरून बसले.

डोंगराखाली नारळाचं दुकान होतं. तिथल्या मावशी म्हणाल्या, "हाय की हितंच. लय येडं हाय बगा. पांढरी गाडी आली की मागं पळतंय, वास घेतंय आन् परत येऊन बसतंय."

आमची गाडी पांढरी आहे.

तेवढ्यात तो आलाच. बरगड्या दिसत होत्या, एक कान फाटलेला. मी दार उघडून हाक मारली. तो माझ्यासमोरून तसाच पळत गेला आणि यांच्या छातीवर दोन्ही पाय टाकून केकाटायला लागला. यांचं तोंड चाटू लागला. ज्यानं सोडलं त्याचं! हे तिथंच मातीत बसले. "चुकलं रं गड्या, चुकलं," म्हणत फौजेतला माणूस पोरासारखा रडला. मी उशी धरून उभी. माझ्यासाठी त्यानं शेपूट हलवली ती सगळ्यात शेवटी.

आता माझी सोनोग्राफी स्वच्छ आहे. सर्जनचे उपकार मी विसरणार नाही. सुभेदाराला जनावरांचे डॉक्टर वेळेवर औषध देतात, आणि जत्रेतलं नको ते सगळं हे स्वतः खोल खड्ड्यात पुरतात. माझ्या जिवाच्या भीतीनंच यांनी ते केलं, हे मला कळतं. सुभेदारानं त्यांना त्याच घटकेला माफ केलं. मला अजून जमलेलं नाही.

हे गाडी काढतात तेव्हा सुभेदार आधी चढून पुढच्या सीटवर बसतो. मी दारात उभी राहते, आणि दोघं परत आल्याशिवाय आत जात नाही.