बोट कधी रंगवता?

चार बहिणींचे चार नवरे, म्हणजे एकमेकांचे साडू. थोरल्याचं फरशांचं मोठं दुकान, मधल्या दोघांच्या बऱ्या नोकऱ्या, आणि धाकटा एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीमागे बसणारा. सासरी जमले की थोरल्याने विनोद करायचा, मधल्यांनी हसायचं आणि विनोद धाकट्यावर असायचा, हे इतकं ठरून गेलेलं होतं की धाकटाही वेळेवर हसायचा.

थोरल्याला गळ टाकायचं वेड होतं. दोन विमानं बदलून गरम समुद्राच्या गावी जायचं, भाड्याच्या बोटीतून खोल पाण्यात शिरायचं, माणसाएवढा मासा घाम गाळून ओढायचा, त्याला मिठी मारून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. ‘खायचा नाही तर धरायचा कशाला?’ असं त्याची बायको विचारायची. त्यावर तो ‘तुला नाही कळायचं’ म्हणायचा. त्याला तरी कुठे कळलं होतं म्हणा.

चौघे साडू पहिल्यांदा गेले तेव्हा महिना थोरल्याने ठरवला होता. त्या महिन्यात हॉटेलं रिकामी आणि स्वस्त मिळतात म्हणून स्वारी खूश. ती रिकामी का असतात, हे विचारायची बुद्धी कुणालाच झाली नाही. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, एकाच्याही गळाला मासा शिवला नाही. धाकटा तर बोटीच्या कडेला लटकून सारखा ओकत होता. परतीच्या विमानात सगळ्यांची तोंडं उतरलेली. आता आपल्यावर शेकणार हे ओळखून थोरला मोठ्याने म्हणाला, “अरे, हा बोटीत असताना मासा लागेल कसा? पनवती आहे पनवती!”

सगळे खो खो हसले आणि थोरल्याचं खापर धाकट्याच्या डोक्यावर फुटलं. तिथून ते नाव चिकटलं. गाडी पंक्चर झाली, पनवती. सामना हरला, पनवती. मेव्हण्या जेवताना ‘पनवती, जरा मीठ सरकवा’ म्हणू लागल्या. धाकटी, म्हणजे त्याची बायको, आधी चिडली, मग ‘तुम्ही हसण्यावारी न्या’ म्हणाली. पुढे एकदा तिची नोकरीची मुलाखत होती. तो सोडायला निघाला तर चपला घालता घालता म्हणाली, “आज नका येऊ हं तुम्ही. मी जाईन बसने.” त्याने गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली.

म्हणून पुन्हा जायचं निघालं तेव्हा हंगाम ठरवायचं काम त्याने स्वतः मागून घेतलं. हिशेब साधा होता. चांगला हंगाम निवडायचा, बोटीत बसायचं, आपण बसलेलो असताना मासा लागायचा. एकदा लागला की ते नाव समुद्रात बुडालं. त्याला मासा नको होता, फोटोही नको होता. बायकोने सोबत येऊ द्यावं, एवढंच हवं होतं.

त्याने तिकडच्या बोटवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. हंगाम कुठला चांगला, असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच: “बारा महिने मासा, साहेब. कधीही या.” हा सूर त्याच्या ओळखीचा होता. खिडकीमागून दिवसभर तोही याच सुरात सांगायचा, ‘डॉक्टर येतीलच एवढ्यात.’ सरळ विचारलेल्याला सरळ उत्तर मिळत नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग त्याने प्रश्न बदलला.

“बोट रंगवायला किनाऱ्यावर कधी ओढता?”

याचं उत्तर मात्र सगळ्यांनी चटकन दिलं, आणि महिने सगळ्यांचे तेच. थोरल्याचा स्वस्त महिना त्यात बरोब्बर बसत होता! त्यांच्यातला एक बोटवाला गप्पिष्ट निघाला. त्याला धाकट्याने पुढचं विचारलं, “आणि घरातलं लग्न कुठल्या महिन्यात अजिबात काढणार नाही?”

बोटवाला फोनवर हसत सुटला. “वारा पडला, पाणी निळं झालं, की बारका मासा वर येतो अन् त्याच्यामागे मोठा. तेव्हा लग्न काढलं तर नवरदेवच समुद्रावर! बेरकी आहात साहेब. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

तोच महिना ठरला, तोच बोटवाला ठरला. पुढे वर्षभर दोघांचं अधूनमधून बोलणं होत राहिलं; पहिल्या खेपेला हात हलवत परतल्याचंही धाकट्याने त्याला सांगितलं. धाकट्याला साहेब म्हणणारा जगात तो एकटाच.

या खेपेला बायकाही निघाल्या. पहिल्या सकाळी धक्क्यावर धाकटा टोपी घालून सगळ्यांच्या आधी हजर. समुद्र आरशासारखा. थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

“हे बघ, मनावर घेऊ नकोस. पण आज तू थांब.”

“अहो दादा, महिना मीच काढलाय...”

“काढलास ना? झालं तर मग तुझं काम!” थोरला म्हणाला. मधल्यांनी हसून घेतलं.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, “भाऊजी एवढं म्हणतायत तर थांबा ना. सगळ्यांचा विरस कशाला?” आणि ती बोटीत जाऊन बसली.

संध्याकाळी सगळे लालबुंद होऊन, आरडाओरडा करत परतले. मासेच मासे. पाठीवर शिडासारखा पंख असलेला एक तर धाकटीच्या गळाला लागला होता, आणि भाऊजींनी मागून धरून तो तिला ओढू दिला होता. ती नवऱ्याला फोटो दाखवत सुटली. थोरल्याने टेबलावर थाप मारली. “बघा! हा नव्हता आणि मासा लागला. सिद्ध झालं की नाही?”

“अहो, महिना चांगला म्हणून...” धाकटा म्हणाला.

“मासा काय कॅलेंडर बघून येतो?”

पुन्हा हशा. गड्याने वर्षभर राबून हंगाम बिनचूक निवडला, आणि त्या बिनचूक हंगामानेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. चुकीचा निवडला असता तरी शिव्या त्यालाच पडल्या असत्या. असल्या माणसांपुढे बरोबर असून उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी एक मधला उन्हाने भाजून खोलीत पडून राहिला. बोटीत एक जागा रिकामी झाली. बाकीचे नाश्त्याला रेंगाळलेले असताना धाकटा नुसताच धक्क्यावर आला, बायकोची पाण्याची बाटली हातात घेऊन. बोटवाल्याने त्याला पाहिलं आणि हाक मारली.

“या साहेब, जागा आहे! हा महिना शोधलात तुम्ही अन् किनाऱ्यावर काय बसता?”

धाकटा पुढे झाला. त्याने बोटीची दोरी धरली, फळीवर एक पाय ठेवला. गुपचूप बसला असता तर बसला असता. पण या एका माणसाकडून तरी आपलं ते नाव खोटं आहे असं ऐकावं, असा मोह त्याला झाला. तो हसत हसत म्हणाला, “घेताय खरे, पण आमच्यात मला पनवती म्हणतात. मी बोटीत असलो की मासा लागत नाही.”

बोटवाला हसला नाही.

“मागे आलात तेव्हा बोटीत होता?”

“होतो. पण तेव्हा हंगामच...”

“अन् काल नव्हता.”

“काल नव्हतो. अहो, तुम्हीच नाही का सांगितलंत, वारा पडला की...”

“साहेब, दोरी सोडा.”

त्याने सोडली. बोटवाल्याने समुद्रातून बादली भरून घेतली आणि जिथे त्याचा पाय होता ती फळी धुतली, मग दोरीही धुतली. “राग मानू नका. माझं पोट आहे याच्यावर,” तो खाली बघत म्हणाला.

तेवढ्यात बाकीची मंडळी आली. धाकट्याला बोटीजवळ पाहून थोरल्याने विनोदासाठी तोंड उघडलं, पण बोटवाला आधी बोलला. “याला बोटीला हात लावू देऊ नका. आधी सांगायला नको होतं का?”

थोरल्याच्या तोंडातला विनोद तोंडातच राहिला. ते नाव त्याने स्वतः, विमानात, आपली अब्रू वाचवायला काढलेलं होतं. तरी तो धाकट्याकडे बघत दोन पावलं मागे सरकला. या वेळी कुणीही हसलं नाही.

धाकट्याने बायकोपुढे तिची बाटली धरली. तिने घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “बोटीत असेल पाणी.”