महिला प्रतिनिधी

आमच्या कॉलेजात विद्यार्थी परिषदेची निवडणूक होत नसे, नेमणूक होत असे. शेवटच्या वर्षाला असताना उपप्राचार्य मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "एलआर म्हणून तुझं नाव टाकतेय."

एलआर म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, मुलींची प्रतिनिधी. मी विचारलं, नक्की काय करायचं असतं?

"काही नाही गं. मुलींच्या छोट्या-मोठ्या अडचणी असतात. तू समंजस आहेस, घरचेही सुशिक्षित आहेत. तुझा त्रास होणार नाही कुणाला."

हे कौतुक आहे असं मला तेव्हा वाटलं. आम्ही गिरगावातले जुने रहिवासी. आजोबा म्युनिसिपालिटीत हेडक्लार्क, बाबा एका ऑडिट फर्ममध्ये. आमच्या घरात कुणी कधी कुणाविरुद्ध तक्रार केली नव्हती. आजोबांनी दुसऱ्यांच्या तक्रारी टाइप केल्या होत्या, तेवढंच.

पहिले काही महिने कामंही तशीच होती. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बसवून घेणं, सॅनिटरी पॅडचं मशीन नाणं गिळायचं ते दुरुस्त करून घेणं, महिला दिनाच्या पाहुण्यांना श्रीफळ देणं. शिवाय अंतर्गत तक्रार समितीत एक विद्यार्थिनी लागते, म्हणून तिथेही माझं नाव होतं. "त्या समितीची बैठक वर्षातून एकदा होते, चहापुरती," असं मॅडम म्हणाल्या होत्या.

ती माझ्याकडे आली त्या दुपारी मी मुलींच्या कॉमन रूममध्ये सुताराच्या डोक्यावर उभी होते. ती सेकंड इयरला होती. आमची ओळख नव्हती, पण मी तिला स्टेजवर पाहिलं होतं. आदल्या वर्षीच्या एकांकिकेत तिने सत्तरीच्या म्हातारीचं काम केलं होतं. माझी आई तो प्रयोग बघायला आली होती आणि ही एवढीशी पोरगी आहे यावर तिचा विश्वास बसला नव्हता. ती भोईवाड्यातल्या चाळीत राहायची. माणसं मूळची कुडाळकडची. वडील कोर्टात शिपाई होते.

"तुम्हीच एलआर ना?" तिने विचारलं.

"अहो-जाहो नको करूस. बोल."

"हे काका जाऊ देत."

सुतार गेल्यावर तिने जे सांगितलं ते सगळं एका सुरात सांगितलं, पाठ केल्यासारखं. आमच्या एकांकिका बसवणारे दिग्दर्शक कॉलेजचेच माजी विद्यार्थी होते. दोन-चार मालिकांमधून दिसले होते. प्राचार्यांच्या केबिनसमोरच्या काचेच्या कपाटातल्या बहुतेक ट्रॉफ्या त्यांच्या होत्या. ते तालीम संपल्यावर हिला थांबवून घ्यायचे. आवाजावर काम करायचं म्हणून.

"पोटातून आवाज काढ म्हणतात आणि पोटावर हात ठेवतात. मला वाटलं, शिकवतायत. मग हात पोटावर राहिला नाही. मी सांगितलं, सर, हे नको. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझी वाक्यं कमी व्हायला लागली. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्यात आगच नाही."

मी विचारलं, "तुला काय हवंय?"

"मला नाटक हवंय. ते नकोत. एवढंच."

मी तिला घेऊन मॅडमकडे गेले. मॅडमनी नीट ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं, तक्रार लिहून घेतली. हे सगळं गोपनीय असतं, असं दोघींनाही बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या गेटपाशी वडापाव खाणाऱ्या पोरांनासुद्धा ते माहीत होतं.

तिथेच मला आमच्या परिषदेच्या सांस्कृतिक सचिवाने गाठलं. तो दादरचा, अकरावीपासूनचा माझा मित्र, एकांकिकेतही काम करणारा. त्याच्या घरी मी कितीतरी वेळा जेवले होते.

"काय चाललंय हे?" तो म्हणाला. "स्पर्धा तोंडावर आलीये रे. आत्ता हे काढायची काय गरज होती?"

"मी नाही काढलेलं. तिने सांगितलं."

"तिला लीड मिळाला नाही म्हणून सांगितलं. सर सगळ्यांनाच हात लावून समजावतात. माझ्यापण खांद्यावर हात ठेवतात."

"खांद्यावर," मी म्हटलं.

त्याने हातातला वडापावचा कागद चुरगाळला आणि आपल्यापुरते पैसे देऊन निघून गेला. एरवी आमच्यात पैसे कुणी द्यायचे यावरून रोज भांडण व्हायचं.

समिती बसली ती प्राध्यापकांच्या मीटिंग रूममध्ये. अध्यक्ष उपप्राचार्य मॅडम, रसायनशास्त्राचे एक सर, ऑफिसमधल्या एक बाई, बाहेरच्या एका संस्थेतल्या वकीलबाई आणि मी. तिला टेबलाच्या टोकाला बसवलं होतं. तिने माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही, समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत सगळं पुन्हा सांगितलं.

रसायनशास्त्राचे सर म्हणाले, "तू तेव्हाच ओरडली का नाहीस? आवाज तर तुझा चांगला मोठा आहे म्हणतात." सर वाईट नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं असावं. वकीलबाई ताडकन म्हणाल्या, हा प्रश्न विचारायचा नसतो. सरांनी लगेच सॉरी म्हटलं. पण प्रश्न खोलीत पडून राहिला, आणि तिनेच तो उचलला.

"सर, तेव्हा ते मला अजून सरच वाटत होते," ती म्हणाली.

नंतर दिग्दर्शक आले. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मला बेटा म्हणाले. नाटकात शरीर हेच माध्यम असतं, बाहेरच्या माणसाला ते समजणं अवघड आहे, ही मला मुलीसारखी, वय असतं, राग येतो, माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही. ते फार छान बोलत. ऑफिसमधल्या बाई मान डोलावत होत्या.

मी विचारलं, "बाकीच्यांच्या आवाजाचं काम सगळ्यांसमोर होतं. हिलाच एकटीला का थांबवत होतात?"

"कारण हिच्यात काहीतरी होतं."

"आणि नंतर सगळ्यांसमोर म्हणालात, हिच्यात आगच नाही. हे दोन्ही कसं?"

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम घाईने म्हणाल्या, "आपण इथे वाद घालायला बसलेलो नाही."

साक्षीला नाटकातली तिघं आली. तिघांनी एकच वाक्य म्हटलं, सर सगळ्यांनाच हात लावून समजावतात. माझ्या मित्राने ते म्हणताना खिडकीबाहेर पाहिलं.

त्या रात्री जेवताना मी घरी फक्त एवढंच सांगितलं की एक तक्रार आलीय आणि मी समितीत आहे. आईला बाकीचं कळलं. ती म्हणाली, "तिला काही मिळेल की नाही, कुणास ठाऊक. तुझं मात्र शेवटचं वर्ष आहे." बाबांनी मला आमटी वाढली.

मुलगी सज्ञान होती, तरी मॅडमनी तिच्या वडिलांना फोन करून बोलावून घेतलं. ते कामावरून थेट आले, कोर्टाच्या गणवेशातच. आत बोलावेपर्यंत कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले.

"तू कमिटीतली मा?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"मी कोर्टात आसंय, बाय. रोज बघतंय. बाईमाणूस उभी ऱ्हवता, तारीख पडता, परत उभी ऱ्हवता. माझ्या चेडवाक मी थंय उभा करूचंय नाय."

"काका, हे कोर्ट नाहीये."

त्यांनी दाराच्या काचेतून आत पाहिलं. "खुर्च्यो तश्योच मांडलेल्यो आसत," म्हणाले.

आत गेल्यावर मॅडम त्यांच्याशी अतिशय गोड बोलल्या. मुलीचं पुढचं सगळं आयुष्य पडलंय, आपसात मिटत असेल तर बघा. वडील हात जोडूनच बसले होते. ते म्हणाले, मागे घेतो. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझं बोलून झालंय आता. ते मागे कसं घेणार?"

तक्रार राहिली. निकाल लागला तो असा: प्रत्यक्ष पुरावा नाही, मात्र यापुढे तालमीच्या वेळी एखाद्या प्राध्यापकांनी हजर राहावं. वकीलबाईंनी वेगळं मत नोंदवलं, त्याखाली मीही सही केली. बाकीचे तिघं दुसऱ्या बाजूला होते. प्राचार्यांनी तिघांचं मानलं. दिग्दर्शक मानधनावर येतात, कॉलेजचे नोकर नाहीत, त्यामुळे फार काही करता येत नाही, असंही आम्हाला सांगण्यात आलं.

सांस्कृतिक विभाग परिषदेच्या अखत्यारीत येतो. म्हणून परिषदेच्या पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, आपण एकांकिकेसाठी दुसरा दिग्दर्शक मागू या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जनरल सेक्रेटरीने विचारलं, कुणाचा पाठिंबा आहे? क्रीडा सचिव मुलगी ज्युदो खेळायची, कुणाला घाबरायची नाही. तिने हात वर केला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच हाताने केस नीट करायला लागली. बाकी सगळे मोबाइलमध्ये बघत होते.

"एवढे महिने आम्ही घाम गाळलाय," सांस्कृतिक सचिव म्हणाला. माझ्याशी नाही, सगळ्यांशी.

त्याच आठवड्यात सूचना फलकावर एक ओळ लागली. मी अभ्यासाच्या कारणास्तव पदमुक्त होत असून माझ्या जागी अमुक विद्यार्थिनीची नेमणूक करण्यात येत आहे. मी तसं काहीही मागितलं नव्हतं. मॅडमकडे गेले तर म्हणाल्या, "समितीतलं परिषदेत बोललीस. नियमात बसत नाही. मी तुझं भलंच केलंय. कारण चांगलं लिहिलंय."

"बातमी माझ्याकडून बाहेर गेली नव्हती, मॅडम."

"मी तसं म्हटलंय का?" त्या म्हणाल्या आणि फाइल उघडली.

तिला नाटकातून कुणी काढलं नाही. ती निकालानंतरही तालमीला गेली. मागच्या रांगेत बसली. कुणी तिच्या हातात संहिता दिली नाही, कुणी जा म्हटलं नाही. तिची भूमिका फर्स्ट इयरच्या एका मुलीला देऊन झाली होती. तालमीला हजर राहायला नेमलेले प्राध्यापक पेपर तपासत बसले होते. हे तिनेच मला सांगितलं, कॉमन रूममध्ये, डबा खाताना. पुढे परीक्षा झाल्यावर ती यायची बंद झाली. दाखला न्यायला वडील आले होते, असं ऑफिसमधून कळलं.

एकांकिका पहिली आली. गेटवर ढोल वाजत होते, पोरं दिग्दर्शकांना खांद्यावर घेऊन नाचत होती. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. माझा मित्र गुलालाने लाल झाला होता. त्याची नजर माझ्याकडे गेली, त्याने हात अर्धवट वर केला आणि मग कुणीतरी त्याला ओढून घेतलं.

पुढच्या वर्षी मी एम.एस्सी.ला दुसरीकडे होते. एके दिवशी त्याचा फोन आला. मी उचलावा की नाही याचा विचार करेपर्यंत तो वाजायचा थांबला. पुन्हा आला.

"सरांना काढलं," तो म्हणाला. "ती फर्स्ट इयरवाली होती ना, तिच्या जागी घेतलेली. तिच्याबरोबर पण तेच. तिचा मामा आला, चार माणसं घेऊन. कुठल्यातरी पक्षाचा आहे. अर्ध्या तासात विषय संपला."

"समिती बसली?"

"नाही, समिती कसली. त्यांना परत यायचं नाही म्हणून सांगितलं, बस." मग म्हणाला, "तू बरोबर होतीस रे."

"मी नाही. ती," मी म्हटलं. त्याने तिचा नंबर आहे का विचारलं. मी दिला नाही.

ती तेव्हा माहीमला एका डेंटिस्टच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती आणि बाहेरून बी.ए. करत होती. मी दुपारी गेले, दवाखाना रिकामा असतो म्हणून. आधी मला ती ओळखूच आली नाही, केस कापले होते. मी सगळं सांगितलं. ती अपॉइंटमेंटच्या वहीवर पेन फिरवत ऐकत होती.

"ती मुलगी बरी आहे?" तिने विचारलं.

"माहीत नाही. कॉलेज सोडलं नाहीये म्हणे."

"मामा होता म्हणून." हे ती रागाने नाही म्हणाली. तिने विचारलं, "मग माझ्या निकालात अजून काय लिहिलेलं आहे?"

"तेच. पुरावा नाही."

"तो बदलत नाही?"

वकीलबाईंना मी आदल्याच दिवशी फोन करून हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, अपील करायची मुदत केव्हाच टळली. मी तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली. मी विचारलं, नाटक करतेस का कुठे? चाळीच्या गणपतीत लहान मुलांचं बसवते, म्हणाली. स्वतः काम करत नाही. एकदा दादरच्या एका ग्रुपने बोलावलं होतं, ती दारापर्यंत गेली आणि आत तालीम चालल्याचा आवाज ऐकून परत आली.

एवढ्यात एक बाई गाल धरून आल्या. तिने त्यांना चप्पल बाहेर काढायला सांगितलं, नाव विचारून घेतलं, आत डॉक्टरांना हाक मारली. बाई आत गेल्यावर तिने टेबलाखालून डबा काढला.

"जेवली नसशील," ती म्हणाली आणि झाकणात माझ्यासाठी भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. आतून मशीनचा आवाज यायला लागला. आम्ही दोघी काउंटरमागे बसून जेवलो.