सावित्रीने अडवलेली आजी

आमच्या रत्नागिरीत माणूस इस्पितळात पडला की त्याला बघायला नातेवाईक येत नाहीत, अख्खी वाडी येते. टेम्पो भरून येते. पेजेचा डबा, मेतकूट, शहाळी, कडेवरची पोरं आणि आपापले खोकले, सगळं बरोबर घेऊन येते. जो येत नाही, त्याचं नाव शिमग्यापर्यंत निघत राहतं.

पाय मोडून मी एका खासगी इस्पितळात पडलो, तेव्हा गावात फ्लूची साथ होती. दाराशी होती सावित्री शिवलकर. आधी मिरकरवाड्यात मासळीचा लिलाव पुकारायची. गुडघे कुरकुरायला लागले तशी इथे दरवाजा सांभाळू लागली. काय तो आवाज! आमच्या नाटक मंडळीत असता, तर शेवटच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्यांची धडगत नव्हती.

वाडी उतरली की मासळी निवडावी तशी ती माणसं निवडायची.

"तू चांगली आहेस. मास्क लाव, हात धू, एकटी जा. तू थांब. डोळे लाल आणि नाक चोंदलंय."

"अगो, जागरणाने झालंय!"

"बांगड्याचे डोळे जागरणाने लाल झालेले मी तरी बघितले नाहीत. बाकावर बस."

बाक अंगणातल्या उंडीच्या झाडाखाली. माझा भाऊ धाकू खास जयगडहून आला, दाराशी शिंकला आणि तिथूनच परत गेला. मी वरच्या खिडकीतून हात हलवला, तर भूमिका काढून घेतलेल्या नटासारखी त्याने पाठ फिरवली.

"आत म्हातारी माणसं आहेत, ओल्या बाळंतिणी आहेत," एवढंच सावित्री सांगायची. भांडणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगायची, जरा मोठ्याने.

अशात तिची लेक शमिका तिथेच बाळंतपणाला आली. लग्नाला नऊ वर्षं झालेली. सावित्रीने किती वाट पाहिली होती ते सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. पहाटे शमिकाला मुलगी झाली. आणि त्याच सकाळी सावित्री कामावर आली ती कण्हत, नाक पुसत. नम्रता सिस्टरने ताप पाहिला.

"मावशी, सरळ घरी. ताप उतरून अख्खा दिवस जाईल, तेव्हाच आत."

नेमकी तेव्हाच तिची वाडी टेम्पोतून उतरली. नणंद तुळसा पुढे झाली.

"जा गो वैनी, मास्क लावून बघून ये. तुला कोण अडवणार? अडवणारी तर तूच!"

सगळे हसले. मीही वरून ओरडलो, "जा गं सावित्री, नातीचं तोंड बघ!" रंगभूमीवर अशा जागी नायिका धावत आत जाते आणि टाळ्यांत पडदा पडतो.

तिने एक पाय उंबऱ्यावर ठेवलासुद्धा. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, चांगली लांबलचक. ती थांबल्यावर सावित्रीने पदराने डोळे पुसले आणि स्वतःवरच खेकसली, "चल, बाकावर!"

खरोखरच उंडीखाली जाऊन बसली.

"अगो, नऊ वर्षं वाट बघितलीस ना?" तुळसा कळवळली.

"म्हणून तर! एवढ्या वाटेने आलेल्या पोरीला आजीने पहिली भेट तापाची द्यायची?"

यावर रांगेत खोकला दाबून उभ्या असलेल्या दोघी-तिघी गुपचूप मागे सरल्या.

नम्रताने निरोप पोचवला असावा, कारण थोड्या वेळाने माझ्या शेजारच्या खिडकीत शमिका आली, पोरीला छातीशी धरून. एवढ्या खालून दिसणार काय, नुसतं गाठोडं! सावित्री उठली. घसा बसला होता, तरी अंगण दुमदुमलं.

"शमिके, नाक कुणाचं गो?"

शमिकाने पोरीला जरा वर धरलं.

"तुझंच गो आये! फक्त वाहत नाही!"

खाली एकच हशा उसळला. सावित्री हसली, खोकली, परत हसली. मग तिला टेम्पोत मागे एकटीलाच बसवून घरी धाडली. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत तिचा हुकूम ऐकू येत होता, "टाळू झाका गो पोरीची! वारा लागेल!"