मी रोम पडू दिला नाही

हे लिहितोय तेव्हाही इंग्रज इथेच आहे, म्हणून ती चूक मला अजून टोचते.

देवरीच्या बिडी कारखान्यात आम्ही पंधरा-वीस जण मांडीवर सूप घेऊन बसायचो. एक जण वाचायचा, बाकीचे वळायचे. वाचणाऱ्याचं सूप रिकामं राहू नये म्हणून प्रत्येक जण आपल्या चार बिड्या त्यात टाकी. वाचायचं काम बहुतेक माझंच. वर्तमानपत्र, हाती लागेल ते पत्रक. जप्त झालेलं असलं तर आणखी मोठ्यानं. मी पत्रकांवरच वाढलो होतो. छापलेल्या ओळीनं माणूस उठतोच, अशी माझी खात्री होती.

जंगल सत्याग्रहाचे दिवस होते. मी सांगतोय त्याच्या दुसऱ्या दिवशी चिचगडच्या वाटेवरच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडायचा होता. आमच्यातले सात जण जाणार होते. त्यात सगळे ज्याला मामा म्हणत तो म्हातारा. तो गेला तरच बाकीचे जाणार, हे उघड होतं. त्यांना चेव यावा म्हणून मी एक गोष्ट लिहून आणली. रोमचं साम्राज्य कधी बुडालंच नाही, अशी. दोन हजार वर्षांनी रोमचा अंमलदार देवरीत तंबू ठोकून बसलाय, मोहाच्या झाडाझाडावर रोमच्या गरुडाचा शिक्का आहे, फुलं वेचायची तर त्याची परवानगी हवी.

"हा तं आपला जंगलवालाच दिसून राहिला!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मी खूश झालो. पण वाचून कागदाची घडी केली, तेव्हा माझ्या सुपात एकही बिडी पडली नाही.

मामानं कैची खाली ठेवली. "दोन हजार वर्सं झाली, तरी पडला नाही?"

"नाही." मी अजून गोष्टीतच होतो.

"मंग आमी कायले जाऊन राहिलो गा? पेंडीभर गवत कापून इंग्रज पडंल का?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे गोष्ट सांगतात. वाचतात ती बातमी. कागदावरून वाचलेलं खोटं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"मामा, ते मी रचलं. रोम कधीचाच बुडाला."

"रचलं? काऊन?" त्याचा आवाज चढला. "मंग आतावरी वाचलं तेही तुयंच का?"

"पोट्टा लबाड आहे," शेजारचा म्हणाला.

बाकीचं सगळं छापलेलंच वाचलं, अशा मी शपथा घेतल्या. मामानं हात वर करून मला थांबवलं. "पडला तं कसा पडला, ते सांग."

मला माहीत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात एक ओळ होती, तीही परीक्षेपुरती. एखादी घनघोर लढाई ठोकून द्यावी, असं जिभेवर आलं. गिळलं.

"मालूम नाही, मामा. पण एका दिवसात नाही पडला."

"हे खरं वाटते," तो म्हणाला. "उद्या तू समोर चालजो. आजवरी वाचनारा मांगंच राहिला."

सकाळी सातांतले पाच आले. मी पुढे होतो. विळा कसा धरायचा तेही मला येत नव्हतं. पहिल्याच घावाला बोट कापलं. मामा हसला आणि सरसर कापत सुटला. जंगलशिपाई धावत आला, तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"साहेबाले सांगजो, रोम पडला."

"कोन रोम?"

मामानं माझ्याकडे बोट केलं. "याले विचारा. यालेही पुरतं मालूम नाही."