तिसऱ्या माळेला आलेली बाई

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या वर्षी नवरात्र तोंडावर आलं तरी माझा तिच्यावरचा राग जात नव्हता. आमचं घर रेवदंड्याला. नवरा बोटीवर जातो, मी मासळी सुकवते आणि बाजारात विकते. देवीला किती साकडं घातलं तरी त्याची दारू सुटेना; इतकी वाढली होती की सकाळी तोंड धुण्याआधी त्याला घोट लागायचा. सासूबाई आणि मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो. शेवटी घटस्थापनेला त्याने गावदेवीच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली, नऊ दिवस थेंब घेणार नाही. आमच्याकडे अट्टल पिणारेसुद्धा नवरात्र पाळतात, त्यामुळे यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मी तर मनात म्हटलं, चला, सुटले एकदाची.

तिसऱ्या माळेला दुपारी तो जेवायला बसला आणि हातातला घास ताटात सांडायला लागला. मग सगळं अंगच थरथरू लागलं. दरदरून घाम, डोळे तारवटलेले, आणि कोपऱ्याकडे बघून कोणाशी तरी बोलणं चाललेलं. सासूबाई आतून आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि हात जोडले. "आई आली गो," म्हणाल्या. बघता बघता आळी गोळा झाली. नवरात्रात कोणाच्या अंगात देवी येणं आमच्यात नवं नाही. बायकांनी त्याला पाटावर बसवलं, कपाळभर हळदकुंकू लावलं, पायाशी ओट्या ठेवल्या. मीही त्याच्या पायांवर डोकं टेकलं. पाय तव्यासारखे तापले होते. मला भीती वाटली, आणि ती देवीची नव्हती. हा माणूस आपल्या हातातून जातोय असं आतून वाटत होतं. पण बोलायची सोय कुठे होती? देवी आलेली असताना शंका काढणाऱ्या सुनेला कोण उभं करतं?

पडवीत एक अनोळखी बाई उभी होती. कपाळ मोकळं, म्हणून ओटी भरणाऱ्यांत न येता बाहेरच थांबलेली. बोर्ली पंचतनहून कोणाकडे तरी पाहुणी आली होती म्हणे. ती उंबरा ओलांडून सरळ आत आली, त्याचा हात हातात धरला आणि मला म्हणाली, "बाय, ही देवी न्हाय. दारू एकदम तोडली ना यानं?" मी मान हलवली. "माज्या घरवाल्याचं असंच झालेलं. आमी आरत्या करत बसलो. गेला तो. याला दवाखान्यात न्या."

सासूबाई भडकल्या. विधवा बाई पाटापर्यंत आली, वर देवीला दवाखाना दाखवायचं बोलते! बाईने आवाज चढवला नाही. "मावशी, आई असंल तर ती गाडीत बसंल, दवाखान्यातपण ऱ्हाईल. तिला कसलं वावडं हाय? आन् आई नसंल, तर तुमचा ल्योक जाईल." सासूबाईंनी पुढे होऊन त्याच्या अंगाला हात लावून बघितला. मग त्यांनीच पाटापुढे हात जोडले. "आई, तुला अलिबागला नेते, रागावू नको," म्हणाल्या, आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

दवाखान्यातले डॉक्टर त्याच्या कपाळावरचं कुंकू बघून हसले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की असं होतं, म्हणाले. झटके येतात, माणूस दगावतोसुद्धा. ती सोडायची तर औषधं घेऊन, डॉक्टरच्या नजरेखाली. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर दारू सोड म्हणणारे पैशाला पासरी, कशी सोडायची ते सांगणारं कोणी नाही.

तो शुद्धीवर आल्यावर तिथली समुपदेशक मुलगी त्याला रोज विचारायची, उदास वाटतं का, निराश वाटतं का. तो म्हणायचा, न्हाय. शेवटी ती सासूबाईंकडे वळली, "मावशी, तुमच्यात कसं विचारतात?" सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय रं, जीव कुठं अडकलाय तुजा?" तेव्हा तो बोलला. त्याचा बोटीवरचा सोबती वादळात पाण्यात पडून बुडाला होता, ते आम्हाला ठाऊक होतं. पण त्याचा हात आपल्या हातातून निसटला, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो पोरासारखा रडला. त्यानंतर आमच्या भागातल्या माणसांना विचारताना ती मुलगी घरच्यांना जवळ बसवते.

आम्ही घरी आलो तोवर ती बाई निघून गेली होती. ती नेमकी कोणाकडे आली होती, हे आळीत कोणालाच नीट सांगता आलं नाही. मी खोलात शिरले नाही. ज्याने पाठवली त्याला माहीत.

सगळं तिथंच संपलं असं मात्र नाही. शिमग्याला तो पुन्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी रागाने मी त्याच्याकडे पाठ फिरवून मासळी निवडत बसले. तो आंघोळ करून समोर उभा राहिला. "बंद करायची म्हणतो, पण माज्या मनानं न्हाय, डॉक्टरला इचारून," म्हणाला. "दवाखान्यात चल माज्यासंगं."

मी टोपली तशीच टाकून उठले. पूर्वी मी देवीला म्हणायचे, याची दारू सोडव. त्या दिवशी वाटेत म्हटलं, आई, सोडवायचं तुझं तू बघ, मी याच्यासोबत चालते.