एक्याण्णव पानं

आमच्या तंजावरच्या घराण्याचा एक हट्ट आहे. मंगलकार्यात पहिल्या पंगतीच्या सगळ्या रांगा सारख्या हव्यात, शेवटी एकटं पान उरता कामा नये. उरलंच तर एकानं उठायचं, आणि उठायची ती नेहमी माझी थोरली बहीण. अक्का विधवा. "परवायिल्लै, असू दे, मी मागनं जेवते," म्हणायची आणि हसायची. त्या हसण्याचा मला संताप यायचा.

अण्णाच्या साठीशांतीला मात्र ती सकाळीच मला म्हणाली होती, "आज मी त्याच्यासंगं जेवणार." आई गेल्यावर आमच्या या भावाला तिनंच वाढवलं होतं. तिरुवैयारूच्या मंडपात ती ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसून आली.

पहिल्या पंगतीला माणसं झाली एक्याण्णव. अण्णा केळीची पानं मांडायला उभा राहिला. दोन रांगा केल्या, एक पान उरलं. तीन केल्या, पाच केल्या, सहा केल्या, तरी एकच उरलं. नऊ आणि दहा त्यानं तोंडीच केलं. तिथंही एक! "ही तर मूळ संख्या," त्यानं जाहीर केलं, "कशानंच भाग जात नाही." सगळ्यांच्या माना अक्काकडे वळल्या. तिनं पदर सावरला आणि ती उठू लागली.

मी शाळेत गणित शिकवते. वाढपाचं भांडं खाली ठेवून मी तोंड उघडणार, तोच माझी आठवीतली लेक पुढं झाली. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते ती तमिळच.

"मामा, एळु?" तिनं विचारलं. सात करून पाहिलंत का?

अण्णा गडबडला. त्याचा सातचा पाढा सत्तरला संपतो, पुढं जायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. लेकीनं त्याला शांतपणे समजावलं: दहा दाहे शंभर, एक्याण्णव त्याच्या आत. म्हणून दहाच्या आतल्या मूळ संख्या तेवढ्या तपासायच्या. दोन, तीन आणि पाच झाले, राहिला सात. साताला तेरानं गुणलं की बरोबर एक्याण्णव. सात रांगा, रांगेत तेरा पानं.

अण्णा स्वतःच वाकून पानं सरकवायला लागला. मला खोटं बोलता येत नाही: माझी छाती अशी फुगली की ब्लाउजची हुकं तुटतील असं वाटलं. इतकी वर्षं वर्गात घसा कोरडा केला, त्याचं मोल मला त्या एका दुपारी मिळालं.

अक्का अजून भिंतीशीच उभी होती. सवय अशी सुटते थोडीच! लेकीनं तिचा हात धरला, अण्णाशेजारच्या पानापाशी नेलं, आणि अडखळत, चारचौघांत पहिल्यांदाच, मराठीत म्हणाली, "मावशी, तू बैस. आज कोण उरत नाही."

अक्का बसली. पहिला भात मी तिला वाढला.