वडिलांचा डावा डोळा

इंटर सायन्सला दोनदा बसून तिसऱ्यांदा बसायचा धीर न झालेला मी आमच्या मुलुंडच्या घरात शास्त्रज्ञ म्हणून ओळखला जायचो. त्यामुळे वडिलांच्या डोळ्यात औषध घालायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता. डावा उरला होता, आणि तो टिकावा म्हणून घाटकोपरच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घालायचे थेंब दिले होते.

त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. काचेची नळी, तिच्या टोकाला रबरी फुगा. दाबला की थेंब पडतो. पडायचा हे खरं. वडील खुर्चीत ताठ बसायचे, मी वर हात धरायचो, आणि थेंब सुटला रे सुटला की ते डोळा गच्च मिटायचे. औषध भुवईवर, गालावर, एकदा तर कानात गेलं. माझ्या लेखी मात्र नळीतून बाहेर आला की थेंब घातला गेला. 'झालं' म्हणून मी बाटलीला बूच लावून मोकळा व्हायचो.

त्यात मी उठणार उशिरा. मी जांभया देत येईपर्यंत वडिलांची आंघोळ आटपलेली असायची, सोवळं नेसून पूजेला बसायचं तेवढं बाकी. विलायती औषध, त्यात काय काय घातलंय कोण जाणे, ते अंगावर घेऊन देवापुढे कसं बसायचं? म्हणून थेंब पडला की ते तडक मोरीवर जाऊन डोळे धुवायचे. औषध झोंबायचंही, तेवढंच गार वाटायचं. तिन्हीसांजेला संध्येआधी पुन्हा तेच. त्यांच्या ओंजळीत तांब्याने पाणी घालायला मीच उभा असायचो. शास्त्रज्ञाला कसलीही शंका आली नाही.

पाच-सहा महिन्यांत वडील डाव्या बाजूनेही दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. मला डॉक्टरांचा राग आला. वडिलांना घेऊन मी घाटकोपर गाठलं आणि तुमच्या औषधाला गुण नाही, मी एक दिवसही चुकवलेला नाही, असं त्यांना चांगलं सुनावलं. बोलता बोलता 'केमिकल' हा शब्द दोनदा वापरला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि नळीत साधं पाणी भरून ती माझ्या हातात दिली. म्हणाले, घालून दाखवा. माझा पहिला थेंब वडिलांच्या मिशीवर पडला, दुसरा कोटाच्या कॉलरवर. तेवढ्यात वडील सवयीने उठले आणि मोरी कुठे आहे म्हणून विचारू लागले.

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा बसवलं, मान मागे टेकवली, खालची पापणी बोटाने हलकेच ओढली आणि तिथे झालेल्या खोबणीत औषधाचा एक थेंब सोडला. मग डोळा मिटायला लावून नाकाजवळचा कोपरा दाबून धरला. एवढंच करायचं होतं. नंतर ते आपलं बोट वडिलांच्या डाव्या कानाकडून हळूहळू पुढे आणत गेले. दिसलं, असं वडील म्हणाले तेव्हा बोट जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आलं होतं. आहे तेवढं आता सांभाळा, गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला तोंड लपवावंसं वाटलं.

रस्त्यावर आल्यावर वडिलांनी चाचपडत माझा दंड धरला. मग म्हणाले, "घरी तुझ्या आईने विचारलं तर मी डोळे धुवायचो म्हणून औषध वाया गेलं, असं सांग. मिशीचं सांगायची गरज नाही."

मी तेवढंच सांगितलं. आईने त्या सोवळ्यावरून वडिलांना फैलावर घेतलं. स्वतःच्या हाताने डोळा घालवलात, म्हणाली आणि रडू लागली. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मी शेजारी उभा राहून आईच्या बोलण्याला मान डोलावत होतो.